मेलबर्नला येताना फुटीचा संघ कसा निवडावा?

नोकरीनिमित्त पुढच्या वर्षी मेलबर्नला येताना ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा, म्हणजे इथल्या रोजच्या बोलण्यातल्या ‘फुटी’चा, कोणता संघ आपला मानावा आणि जो संघ वर्षानुवर्षे जिंकत नाही त्याच्यामागे लोक आयुष्यभर कसे राहतात, असे आपण विचारले आहे. मी २००७ पासून या शहराच्या पश्चिम भागात राहते आणि वेस्टर्न बुलडॉग्जची सभासद आहे, म्हणून माझ्या अनुभवापुरते उत्तर देते.

गुणतक्ता पाहून संघ निवडू नका, एवढे मी आग्रहाने सांगेन. ज्या भागात आपण घर घ्याल तिथला, किंवा ज्या माणसाच्या सोबतीने पहिला सामना पाहाल त्याचा संघ आपला माना. कॉलिंगवूड, कार्लटन, रिचमंड, एसेंडन ही मुळात या शहरातल्या वस्त्यांची नावे आहेत, आणि आमचा संघही १९९६च्या हंगामापर्यंत फूट्सक्रे याच नावाने खेळत असे. फूट्सक्रे ही कारखान्यांची, गोदीकामगारांची आणि बाहेरून आलेल्यांची वस्ती. आज तिथल्या बार्कली स्ट्रीटवर आपल्याला तूरडाळ आणि कढीपत्ताही मिळेल. इथे ‘तुझा संघ कोणता?’ या प्रश्नात ‘तू कुणाचा?’ हे विचारलेले असते.

मला हा संघ शेजारच्या आजोबांकडून मिळाला. ते जन्माने फूट्सक्रेचे. २००८ मध्ये त्यांनी मला डॉकलँड्सच्या मैदानावर पहिल्यांदा नेले, दारात सामन्याची पुस्तिका विकत घेतली आणि खिशातून बोटभर उरलेली पेन्सिल काढली. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर गोल, त्याचे ६ गुण, आणि बाजूच्या फटीतून गेला तर ‘बिहाइंड’, त्याचा १. आजोबा प्रत्येक गोल आणि प्रत्येक बिहाइंड त्या पुस्तिकेतल्या तक्त्यात नोंदवत, आपल्या संघाचा आणि समोरच्याचाही. (आपण क्रिकेट पाहत असाल तर मैदान लंबगोल कसे, याचे नवल वाटणार नाही. क्रिकेटपटूंना हिवाळ्यात व्यायाम व्हावा या विचारातूनच हा खेळ उभा राहिला आणि त्याचे पहिले नियम मेलबर्नमध्येच १८५९ साली लिहिले गेले.)

आजोबांनी १९५४ चा अंतिम सामना शाळकरी वयात पाहिला होता. फूट्सक्रेने मेलबर्न संघाला ५१ गुणांनी हरवले आणि सर्वोच्च स्पर्धेतले आपले पहिले विजेतेपद मिळवले. त्यानंतर दुसरे मिळायला ६२ वर्षे लागली. मी आल्यानंतर २००८, २००९ आणि २०१० अशी लागोपाठ तीन वर्षे आम्ही अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे हरलो, त्यातल्या २००९ मध्ये सेंट किल्डाकडून अवघ्या ७ गुणांनी. त्या रात्री गाडीत आजोबा एक शब्द बोलले नाहीत, पण पुढच्या हंगामाचे सभासदत्व त्यांनी नेहमीसारखे वेळेवर भरले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला हरण्या-जिंकण्यापेक्षा १९८९ च्या घटनेत सापडते. त्या वर्षी कर्जात बुडालेला हा क्लब फिट्झरॉय संघात विलीन करण्याचे वरच्या पातळीवर ठरून गेले होते. समर्थकांनी ते मानले नाही. एका समर्थक महिलेच्या नावाने न्यायालयात दाद मागून थोडी मुदत मिळवली गेली, आणि त्या मुदतीत लोकांनी डबे घेऊन रस्त्यारस्त्यांवर, दारोदारी पैसे गोळा केले. आजोबाही त्यांच्यात होते. ज्या घरांत फुटी कुणी पाहत नव्हते त्या घरांतूनही नाणी मिळाली, हे ते आवर्जून सांगत. क्लब वाचला. फिट्झरॉय मात्र पुढे १९९६ मध्ये ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. साउथ मेलबर्नचा संघ तर त्याआधीच, १९८२ मध्ये, सिडनीला हलवला गेला होता. आपला संघ उद्या नसेलही, हे ज्यांनी एकदा जवळून पाहिले, त्यांना शनिवारचा पराभव सोसवतो.

२०१६ मध्ये आम्ही सातव्या क्रमांकावरून अंतिम फेऱ्यांत शिरलो. तिथून याआधी कुणीच विजेता झालेला नव्हता. कर्णधार बॉब मर्फी तर हंगामाच्या सुरुवातीलाच, तिसऱ्या फेरीत, गुडघा दुखावून बाहेर गेला होता. तरीही संघाने पर्थला जाऊन तिथल्या वेस्ट कोस्ट संघाला हरवले, मग लागोपाठ तीन वर्षांचा विजेता हॉथॉर्न, मग सिडनीत तिथल्या जायंट्स संघाला अवघ्या ६ गुणांनी. १ ऑक्टोबरचा अंतिम सामना सिडनी स्वान्सशी, म्हणजे एकेकाळच्या त्याच साउथ मेलबर्नशी होता. एमसीजीवर ९९,९८१ प्रेक्षक होते. आम्ही आजोबांच्या बैठकीच्या खोलीत होतो, कारण त्यांना आता पायऱ्या चढवत नव्हत्या. शेवटच्या सत्रात आमच्या डेल मॉरिसने सिडनीच्या लान्स फ्रँकलिनला मागून गाठून पाडले, सुटलेला चेंडू आमच्याच टॉम बॉयडने उचलला आणि खूप लांबून मारला. तो टप्पे घेत घेत मधल्या खांबांतून आत गेला. आजोबांनी आधी तक्त्यात खूण केली आणि मगच वर पाहिले. सायरन वाजल्यावर त्यांनी पुस्तिकेच्या कडेला १३ गुणिले ६ अधिक ११ अशी बेरीज मांडली, ८९ आले, आणि त्याखाली तीच बेरीज पुन्हा मांडली. सिडनीचे ६७ झाले होते. त्यानंतर प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने मर्फीला मंचावर बोलावून स्वतःचे पदक त्याच्या गळ्यात घातले, तेव्हा आजोबांनी चष्मा काढून ठेवला.

आजोबा २०१९ मध्ये गेले. २०२१ चा अंतिम सामना करोनामुळे पर्थला झाला आणि आम्ही मेलबर्नमध्ये घरात बंद होतो. मी साध्या वहीवर तक्ता आखून बसले. तिसऱ्या सत्रात आम्ही १९ गुणांनी पुढे होतो आणि शेवटी ७४ गुणांनी हरलो. मेलबर्न संघाचे गोल इतक्या भराभर पडत होते की हात थांबवावासा वाटला, पण समोरच्याचा रकाना कोरा ठेवायचा नाही हे मी ज्यांच्याकडून शिकले होते, त्यांच्यासाठी सगळे २१ नोंदवले. मेलबर्नचे ते १९६४ नंतरचे पहिले विजेतेपद होते, आणि त्यांचे समर्थकही आमच्यासारखेच घरात बंद होते. मला हळहळ वाटली ती त्यांच्यासाठीही.

आता माझी मुलगी पेन्सिल धरते. २०१८ मध्ये आमच्या महिला संघाने भर पावसात ब्रिस्बेनला ६ गुणांनी हरवून विजेतेपद घेतले, तेव्हापासून तिला खेळायचेही आहे.

हंगाम मार्चमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो. आपण कोणत्या भागात घर पाहत आहात ते कळवा. पश्चिमेला असेल तर पहिल्या सामन्याला आमच्यासोबत चला. दुसरीकडे असेल तर तिथल्या शेजाऱ्यांना विचारा, ते आपल्याला आनंदाने नेतील.