उंचीची नोंद

चि. डॉक्टर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. १३ वर्षांचा मुलगा, ४ वर्षांपासून टाइप १ मधुमेह, उंची १२७ सेंटिमीटर, आणि आई म्हणते, "आमच्या घरात सगळेच ठेंगणे." वाढीच्या संप्रेरकाची तपासणी पाठवू का, असे तू विचारतेस. आत्ता नको. ज्या मुलांची साखर वर्षानुवर्षे चढलेली असते, त्यांच्यात हे संप्रेरक कमी नसते, बहुधा जास्तच असते. अडचण यकृतात असते. निरोगी मुलाच्या स्वादुपिंडातले इन्सुलिन आधी यकृतात पोचते आणि त्याच्या जोरावर यकृत वाढीच्या संप्रेरकाचा निरोप ओळखून आयजीएफ-१, म्हणजे हाडे वाढवणारे द्रव्य, तयार करते. इन्सुलिन अपुरे पडले की निरोप येत राहतो, पण तो घेणारे कोणी उरत नाही. शिवाय साखर लघवीवाटे जात असल्याने खाल्लेले अंगी लागत नाही, ते वेगळेच.

त्याचे पोट दाबून पाहिलेस का, हे पत्रात नाही. १९३० साली प्येर मोरियाक या फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांचे वर्णन केले: खुंटलेली उंची, गोल चेहरा, ग्लायकोजेन (साखरेचा साठवणीतला प्रकार) साठून वाढलेले यकृत, लांबलेले वयात येणे. यकृत हाताला लागले तर साखर घाईने खाली आणू नकोस. डोळ्यांचा पडदा आधी तपासून घे, कारण एकदम झालेल्या सुधारणेने तो काही काळ बिघडू शकतो.

माझी एक चूक सांगतो. एका मुलीची शुगरची वही मी दीड वर्ष कौतुकाने पाहत होतो. आकडे ११० ते १४०, अक्षर सुरेख. मग एकदा लक्षात आले की, तीन महिन्यांच्या साऱ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या होत्या. त्या दीड वर्षात मी तिचे वजन दर खेपेला घेतले आणि उंची एकदाही नाही. घेतली तेव्हा ती जेमतेम ३ सेंटिमीटर वाढली होती. एचबीए१सी ही रक्ततपासणी साखरेचा तीन महिन्यांचा हिशेब देते, उंची वर्षांचा, आणि हा हिशेब घरी बसून लिहिता येत नाही. तेव्हा दर तीन महिन्यांनी चपला काढून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून मोजत जा आणि भारतीय मुलांच्या वाढीच्या आलेखावर बिंदू टाक. वयात येण्याआधी वर्षाला ४ सेंटिमीटरहून कमी वाढ दिसली, तर कारण शोधलेच पाहिजे.

शोध मात्र नेहमी साखरेपाशीच संपत नाही. थायरॉइडची आणि सिलिअॅक आजाराची (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते, तो) रक्ततपासणी कर; दोन्ही या मुलांमध्ये इतरांहून अधिक आढळतात आणि दोन्ही गुपचूप वाढ रोखतात. सुई टोचण्याची जागा बोटांनी चाचप. रोज त्याच जागी टोचून तिथे गाठी झाल्या असतील, तर डोस कागदावर पुरेसा आणि शरीरात अपुरा, असे होते.

आणखी एक गोष्ट घरच्यांना तूच समजावून सांग, नर्सवर सोडू नकोस. वयात येताना इन्सुलिनची गरज वाढते. एरवी दर किलो वजनामागे रोज ०.७ ते १ युनिट लागते, ती कधी २ युनिटांपर्यंत जाते. आईवडील त्याचा अर्थ आजार बळावला असा लावतात आणि भीतीने डोस स्वतःच कमी करतात, नेमका ज्या वर्षांत हाडांना तो हवा असतो त्याच वर्षांत. मुली तर वजन वाढेल म्हणून मुद्दाम चुकवतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. रागावलीस तर ते तुला पुन्हा कधी कळणार नाही.

तो मुलगा अजून वयात आलेला नसेल, तर हाडे वाढायला वाव आहे. इन्सुलिन पुरेसे मिळाल्यावर राहिलेली उंची बरीचशी भरून निघताना मी पाहिली आहे. पुढच्या पत्रात त्याच्या आईवडिलांची उंची कळव, विचारून नव्हे, स्वतः मोजून. दोघांच्या सेंटिमीटरमधल्या उंचीच्या बेरजेत १३ मिळवून निम्मे कर, म्हणजे मोठेपणी त्याची उंची साधारण किती व्हावी ते कळेल; "सगळेच ठेंगणे" कितपत खरे, ते त्यावरून बघू.

तुझा,
सर