पडछायेतला 'पड' पडण्यातला नाही

एका भयपटाच्या परीक्षणात 'दारात उभी असलेली पडछाया' असं छापलंय, ते बरोबर का आणि सावली नि पडछायेत फरक काय, असा प्रश्न आलाय. बरोबर नाही. माणूस दारात, लाईट त्याच्या मागून, चेहऱ्यावर काहीच उजेड नाही म्हणून तो काळा दिसतो, तर ती नुसती काळी आकृती झाली, सिल्हूट म्हणा हवं तर. पडछाया भिंतीवर, जमिनीवर असते. हल्ली पडद्यावर काळं काही दिसलं की पडछाया, कान किटले ऐकून.

आता खरी गंमत. 'पडते ती पडछाया' हे साफ चूक. हा पड म्हणजे संस्कृतातला प्रति, प्राकृतात त्याचा पडि झाला. प्रतिशब्दाचा पडसाद, प्रतिजिह्वेची पडजीभ, प्रतिपदेचा पाडवा, तशी प्रतिच्छायेची पडछाया. (पडदा यांच्यातला नाही हां, तो फारसी, नाटकात रोज पडत असला तरी.)

आणि प्रति म्हणजे समोरचा, उलटा, दुसरा! म्हणूनच सावली मायेची असते, आईची पडछाया कोणी म्हणत नाही, असं माझं ठाम मत आहे, कोशवाले काहीही म्हणोत. जर्मन दिग्दर्शक मूर्नाऊचा १९२२ चा मूकपट 'नोस्फेरातू' बघा, जिन्यावरून रक्तपिपासू काउंट चढत नाही, त्याची पडछाया चढते, लांब बोटं दाराकडे जातात आणि मग त्या हाताची पडछाया बाईच्या छातीवर येऊन मूठ आवळते. मालक फ्रेमच्या बाहेर आणि काम पडछाया करतेय, याहून प्रति ते काय असणार? अशी पडछाया पाडायला लागतो एक छोटा, कडक दिवा, खाली आणि नटाच्या जवळ, नट दिव्याकडे सरकला की पडछाया वाढते. मोठा, पसरट लाईट लावा, कडा पुसट होतात, भीती गेली. 'कॅलिगरी' या जर्मन भयपटवाल्यांनी तर १९२० मध्ये सेटवर सावल्या रंगवूनच टाकल्या होत्या.

भीती अंधाराची असते म्हणणारे जाणकार भेटतात, त्यांना सांगा, मिट्ट काळोखात पडछाया पडतच नाही, उजेड लागतोच.

आणि 'शुद्ध' म्हणून प्रतिच्छायाच लिहा असा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा डॉक्टरकडे जाऊन प्रतिजिह्वा सुजलीय असं सांगून बघावं.