साखरेचा दाणा भिंगाखाली

प्रश्न : मुलीच्या शाळेतल्या प्रकल्पासाठी आम्ही साखर आणि चहात घालण्याच्या गोडव्याच्या पुडीतली भुकटी भिंगातून पाहिली. साखरेचे दाणे काचेच्या तुकड्यांसारखे पारदर्शक दिसले, भुकटीचे बरेचसे कण मात्र गोलसर होते. मग डबा उघडल्यावर साखर पांढरीशुभ्र का दिसते, आणि पुडीतले ते कण कशाचे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : साखरेचा दाणा म्हणजे सुक्रोजचा रंगहीन स्फटिक. डब्यात असे हजारो दाणे एकमेकांवर पडलेले असतात आणि त्यांच्या फटींत हवा असते, त्यामुळे प्रकाश प्रत्येक पृष्ठावर थोडा परावर्तित होत, थोडा वाकत सगळ्या दिशांना विखुरतो आणि ढीग पांढरा दिसतो. बशीत चिमूटभर साखर घेऊन तिच्यावर गोडेतेल सोडावे. साखर तेलात विरघळत नाही, पण फटींतली हवा निघून गेल्याने तो पांढरेपणा बराचसा मावळतो.

दाणा नीट न्याहाळल्यास आणखी एक गोष्ट लक्षात येईल. मिठाचा खडा काटकोनी, घनाकृती असतो. साखरेचा तसा नसतो. त्याच्या दोन मुख्य पृष्ठांमधला कोन सुमारे 103 अंशांचा असल्यामुळे तो एका अंगाला कललेला दिसतो. कारखान्यात पाक आटवताना साखरेचे अतिबारीक कण बीज म्हणून सोडतात, त्यांच्यावर थरावर थर चढून दाणा वाढतो, आणि खडीसाखरेला याच वाढीसाठी निवांत वेळ मिळतो, एवढाच काय तो फरक.

पुडीचे गणित वेगळे आहे. अशा पुड्यांत वापरले जाणारे सुक्रालोज हे कृत्रिम गोड द्रव्य साखरेच्या सुमारे 600 पट गोड असते, म्हणजे चमचाभर, 5 ग्रॅम साखरेच्या जागी ते जेमतेम 8 मिलिग्रॅम पुरते. एवढीशी भुकटी चिमटीत धरणेही अवघड, म्हणून पुडीत डेक्स्ट्रोज, लॅक्टोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन यांची भर घातलेली असते. कोणती, ते वेष्टनावर वाचता येते. आपण पाहिलेले गोलसर कण बहुधा माल्टोडेक्स्ट्रिनचे असावेत, कारण त्याचे द्रावण गरम हवेत फवारून वाळवतात आणि त्यात स्फटिकांचे कंगोरे तयार होत नाहीत.

याची खात्री घरीच करता येईल. लॅपटॉपचा पडदा पांढरा ठेवून त्याच्यासमोर पोलरॉइड चष्म्याची काच काळोख होईपर्यंत फिरवावी आणि मधे काचपट्टीवर दोन्ही नमुने धरावेत. साखरेचे दाणे त्या काळोखात उजळून, कडांशी रंगीत होऊन दिसतील. माल्टोडेक्स्ट्रिनचे कण स्फटिक नसल्यामुळे काळोखातच राहतील.