यूझरस्पेसमधला (साध्या प्रोग्रॅमच्या मेमरीतला) बफर लिनक्स ड्रायव्हरमधून ऑप-टीकडे (प्रोसेसरच्या सुरक्षित भागात, म्हणजे सिक्युअर वर्ल्डमध्ये, चालणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) कसा द्यायचा? नुसता पॉइंटर पाठवला तर चालेल का?

नाही, पॉइंटर पाठवून चालणार नाही. तो पत्ता त्या प्रोसेसच्या पेज टेबलपुरताच (कोणता पत्ता मेमरीत नेमका कुठे आहे, याचा तक्ता) खरा असतो आणि सिक्युअर वर्ल्डचं पेज टेबल वेगळं असतं. शिवाय पान मध्येच स्वॅप झालं किंवा हललं, तर भलतीच मेमरी वाचली जाईल.

बफर मोठा असेल तर पिन_यूझर_पेजेस_फास्टने पानं पिन करा, म्हणजे जागेवरून हलू देऊ नका (सिक्युअर बाजू लिहिणार असेल तर फोल_राइट हा फ्लॅग हवाच), आणि त्यांच्या भौतिक पत्त्यांची यादी ऑप-टीकडे नोंदवा. लिनक्स ५.१८ पासून टी_एसएचएम_रजिस्टर_यूझर_बफ हे सगळं स्वतःच करतं, पण ते कर्नलच्या टी उपप्रणालीच्या आतलं फंक्शन आहे, बाहेरच्या ड्रायव्हरला थेट वापरता येत नाही. डेटा काही केबींचाच असेल तर टी_एसएचएम_अ‍ॅलॉक_कर्नल_बफने सामायिक बफर घ्या आणि कॉपी_फ्रॉम_यूझरने त्यात डेटा कॉपी करा, तेवढं पुरे.

मात्र नोंदणीनंतरही यूझर प्रोसेस त्या पानांवर लिहू शकते. म्हणून ट्रस्टेड अ‍ॅपने (ऑप-टीवर चालणारा प्रोग्रॅम) डेटा आधी स्वतःच्या मेमरीत कॉपी करावा, मगच तपासावा.