वाचकांचे प्रश्न : हार्ड डिस्क कॉम्प्युटरला दिसत नाही तेव्हा

या अंकात पोर्टेबल हार्ड डिस्कबद्दलचीच पत्रे घेतली आहेत. सगळ्यांनाच लागू पडणारी एक गोष्ट आधी सांगतो. आतला मजकूर दुसरीकडे सुखरूप उतरेपर्यंत त्या डिस्कवर नवीन काहीही लिहायचे नाही. फॉरमॅट, 'इनिशियलाईज', 'रिपेअर' यांपैकी कशालाही होकार देऊ नका. डिस्क दुकानात नवी मिळते, आतले फोटो आणि कागद मिळत नाहीत.

प्रश्न : खानापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. दोन टीबीच्या पोर्टेबल डिस्कमध्ये लग्नांचे व्हिडिओ आहेत. परवापासून ती लावली की लाईट लुकलुकते, कॉम्प्युटर जोडल्याचा आवाज देतो आणि लगेच काढल्याचाही. 'धिस पीसी'मध्ये काहीच येत नाही. मी ती सीपीयूच्या पुढच्या पोर्टला लावतो. दुकानदार म्हणतो, डिस्क गेली. खरंच गेली का?

उत्तर : एवढ्यावरून डिस्क गेली असे म्हणता येणार नाही. जोडल्या-काढल्याचा आवाज लागोपाठ येत असेल, तर पहिला संशय वीज कमी पडण्यावर घ्यायचा. २.५ इंची पोर्टेबल डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, तिची सगळी वीज यूएसबीतूनच येते. ५ व्होल्टवर यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि ३.० चा ९०० मिलिअँपिअर देईल, असे गृहीत धरलेले असते. पण आतली तबकडी थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते, त्या काही क्षणांत मागणी एक अँपिअरच्या आसपास जाऊ शकते. पुढचा पोर्ट कॅबिनेटच्या आतल्या बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेला असतो. तिथे व्होल्टेज थोडे जरी घसरले तरी तबकडी पूर्ण वेग घेत नाही, डिस्क बंद पडते आणि पुन्हा उठायचा प्रयत्न करते. तुम्हाला ऐकू येतो तो आवाज याचाच.

म्हणून कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवर असलेल्या निळ्या पोर्टला डिस्क लावा. मध्ये हब नको, एक्स्टेन्शन केबलही नको. प्रिंटर आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल काढून ठेवा. मग डिस्क टेबलावर सपाट ठेवून तिच्यावर बोटे अलगद टेकवा. बारीक, एकसारखी थरथर जाणवली तर मोटर फिरते आहे. थरथर सुरू होऊन लगेच विरत असेल, तर वीज अजूनही कमी पडते आहे.

त्यानंतर केबल बदला. अशा डिस्कच्या बिघाडांत केबलचा वाटा मोठा असतो, आणि तपासायला ती सगळ्यात स्वस्त. डिस्कच्या बाजूची रुंद, दोन भागांची पिन म्हणजे मायक्रो-बी. नवी केबल ३० ते ४५ सेंटिमीटरचीच घ्या, लांब केबलमध्ये व्होल्टेज पडते. आज नवी केबल हाताशी नसेल, तर जुन्या मोबाईलची मायक्रो यूएसबी केबल त्या रुंद सॉकेटच्या मोठ्या भागात बसते. डिस्क मग २.० च्या वेगाने चालते, म्हणजे सेकंदाला साधारण ३५ एमबी. एक टीबी उतरायला आठ तास जातील, पण काम होईल. फक्त चार्जिंगपुरत्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, एवढे पाहून घ्या.

केबल हलवली की डिस्क येते-जाते, असे असेल तर हलवत बसू नका. सॉकेटचे टाके सुटले असण्याची शक्यता आहे. लिहिणे चालू असताना जोड तुटली, तर फाईलींची नोंदच बिघडते. असा सॉकेट मोबाईल दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडून पुन्हा सोल्डर होतो. तुमच्याकडच्या पावसात पिनांवर हिरवट-पांढरा थरही चढतो. भिंगातून पाहा. थर दिसला तर डिस्क सुटी करून मऊ ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित बुडवून पिना पुसा आणि अर्धा तास वाळू द्या. थिनर किंवा पेट्रोल अजिबात नको.

एवढे करूनही दिसली नाही, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहा. तिथे दिसली तर दोष तुमच्या विंडोजचा. 'डिव्हाइस मॅनेजर'मधली त्या डिस्कची जुनी नोंद 'अनइन्स्टॉल' करून मशीन रीस्टार्ट करा. 'यूएसबी रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी पोर्ट बंद करण्याची खूण असते, ती काढून टाका.

डिस्क एकदा दिसली की दुसरे काहीही करण्याआधी सगळे व्हिडिओ उतरवून घ्या. करंट येजा करत असेल तर हे काम चार्ज केलेल्या लॅपटॉपवर करा.

प्रश्न : निपाणीत आमचं डीटीपीचं दुकान आहे. फाईल कॉपी होत असतानाच करंट गेला. आता डिस्क दिसते, पण उघडायला गेलं की फॉरमॅट करायला सांगते. पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, मराठी आणि कन्नड दोन्हीकडचं काम त्यात आहे. चेकडिस्क चालवू का?

उत्तर : चालवू नका, आणि फॉरमॅटच्या चौकटीवर 'कॅन्सल' दाबा. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली म्हणून पाने नाहीशी होत नाहीत, तसेच तुमच्या फाईलींचे झाले आहे. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क दुरुस्त करण्याची सोय मूळ डिस्कवरच फेरफार करते. नोंद अर्धवट असेल तर वाचण्यासारख्या फाईलींचेही तुकडे करून ठेवते.

विंडोजच्या बटणावर राईट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. डिस्कचा आकार बरोबर दिसतो का, ते आधी पाहा. एक टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते, ते बरोबरच आहे. आकार बरोबर आणि पुढे 'रॉ' (म्हणजे आतली मांडणी विंडोजला ओळखता येत नाही) असे लिहिलेले असेल, तर आशा भरपूर आहे. आकार शून्य किंवा भलताच दिसला, तर बिघाड डिस्कच्या आत आहे. अशा वेळी पुढचे काही घरी करू नका.

आकार ठीक असेल तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर लावून डिस्कची प्रकृती पाहा. त्यातल्या चार ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर (तबकडीवरचे मजकुराचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून टांगणीला लागलेले सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा जोडणीचा. या सॉफ्टवेअरमध्ये मूळ आकडे हेक्समध्ये दिसतात, म्हणजे तिथले १० हे आपले १६. पण सी५ आणि सी६ समोर सगळी शून्ये हवीत, तिथे हेक्स असले तरी फरक पडत नाही.

ती शून्ये असतील तर 'टेस्टडिस्क' हे हरवलेले पार्टिशन (डिस्कवरचा फाईलींचा विभाग) शोधणारे सॉफ्टवेअर चालवून ते सापडते का, पाहा. सापडले की त्यातच फाईलींची यादी उघडते आणि नावांसकट दुसऱ्या डिस्कवर कॉपी करता येते. फाईली दुसरीकडे उतरेपर्यंत 'राईट' हा पर्याय निवडू नका. शून्ये नसतील तर आधी लिनक्सच्या पेन ड्राईव्हवरून मशीन चालू करून 'डीडीरेस्क्यू'ने डिस्कची पूर्ण प्रतिमा (हुबेहूब प्रत) तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर घ्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवते आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळते. कुठवर उतरले याची नोंद ठेवणारी त्याची मॅप फाईल जपून ठेवा, म्हणजे मध्येच करंट गेला तरी काम पुढे चालू करता येते. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करायचे, मूळ डिस्क बाजूला ठेवायची.

टेस्टडिस्कने साधले नाही, तर त्याच्याच जोडीचे 'फोटोरेक' फाईलींच्या खुणा ओळखून त्या बाहेर काढते. पण त्यात मूळ नावे आणि फोल्डर जातात, हजारो फाईली आकड्यांच्या नावाने येतात. इथे तुमच्यासारख्या दुकानांची खरी अडचण सुरू होते. श्री-लिपीच्या किंवा कन्नडसाठीच्या जुन्या नुडीच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज मोबाईल-इंटरनेटवर चालणाऱ्या लिपीच्या पद्धतीत, नसतो. वर्ड फाईलच्या आत अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हेच साठवलेली असतात. त्यामुळे सर्चमध्ये युनिकोडमधून 'शुभविवाह' टाईप केले तर एकही फाईल सापडणार नाही. त्याच फॉन्टमध्ये टाईप केलेला शब्द त्याच प्रकारच्या फाईलीतून कॉपी करून सर्चमध्ये टाका. तिथे तो वेड्यावाकड्या चिन्हांचा दिसेल, दिसू द्या. तोच जुळतो. सापडलेल्या फाईली उघडण्याआधी ते फॉन्ट मशीनवर टाका, नाहीतर फाईल खराब आहे असे समजून चांगले काम फेकून द्याल.

प्रश्न : शहापूर, बेळगाव. टेबलावरून डिस्क पडली. लावली की टक टक टक असा आवाज येतो आणि थांबतो. एक जण म्हणतात, तसल्याच मॉडेलचं बोर्ड घालून बघू. दुसरे म्हणतात, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. काय करावं?

उत्तर : दोन्ही नको. पहिले काम म्हणजे तिला आता पुन्हा वीज देऊ नका. ठराविक अंतराने येणारा टक टक आवाज म्हणजे वाचणारे हेड आपली जागा शोधू शकत नाही आणि परत मागे फिरते आहे. हेड आणि तबकडी यांच्यात काही नॅनोमीटरचेच अंतर असते. वाकलेले हेड प्रत्येक फेरीत तबकडी खरवडू शकते, आणि खरवडलेल्या जागेवरचे परत मिळत नाही. याच कारणाने डिस्क साध्या खोलीत उघडायचीही नसते, धुळीचा एक कण त्या अंतराच्या कितीतरी पट मोठा असतो.

बोर्ड बदलून टक टक थांबत नाही, कारण दोष यांत्रिक आहे. बोर्डच जळलेले असेल तरीसुद्धा नुसती अदलाबदल चालत नाही. बहुतेक डिस्कच्या बोर्डवर त्या एकाच डिस्कची जुळवणी साठवलेली असते, अनेकदा आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये. ती चिप नव्या बोर्डवर हलवावी लागते. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी सॉकेट बोर्डवरच असतो आणि मजकूर त्याच बोर्डवर कूटबद्ध होतो. तिथे डबा फोडून साध्या साटा केबलला (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कच्या केबलला) लावायची युक्तीही चालत नाही. फ्रीजमध्ये ठेवल्यावर बाहेर काढताना दमट हवेतले पाणी तबकडीवर धरते, म्हणजे एका बिघाडात दुसऱ्याची भर.

टक टक नसून बारीक 'पीं पीं' येत असेल, तर मोटर फिरू शकत नाही. केबल आणि पोर्ट बदलून एकदाच पाहा. तरीही आवाज तोच असेल तर हेड तबकडीला चिकटले आहे असे समजा आणि थांबा.

तुमच्या डिस्कला क्लीन रूम, म्हणजे धूळमुक्त खोली, असलेली प्रयोगशाळाच हवी. पुण्यात आणि बेंगळुरूमध्ये अशा प्रयोगशाळा आहेत. पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या : तपासणीचा खर्च किती, मजकूर निघाला नाही तर किती, आणि मूळ डिस्क परत मिळणार का. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून चारही बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर फोम येईल अशा खोक्यात बांधा. एसटीच्या पार्सलमध्ये इतर सामानाबरोबर टाकू नका. ओळखीचे कोणी जाणारे असेल तर हातात द्या.

प्रश्न : चिकोडी. आमची डिस्क टीव्हीला लावली तर सिनेमे चालतात. लॅपटॉपवर मात्र दिसत नाही.

उत्तर : म्हणजे डिस्क चांगली आहे. बहुधा तिला ड्राईव्हचे अक्षर मिळालेले नाही. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये तिच्या पट्ट्यावर राईट क्लिक करा, 'चेंज ड्राईव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'अ‍ॅड', आणि शेवटून एखादे अक्षर निवडा. कार्ड रीडर किंवा ऑफिसच्या नेटवर्क ड्राईव्हने तेच अक्षर धरून ठेवले असेल तर असे होते.

प्रश्न : जांबोटी. शाळेच्या जुन्या रजिस्टरांचे स्कॅन डिस्कमध्ये आहेत. आमच्याकडे चार महिने कपाटातल्या वह्यांनाही बुरशी धरते. डिस्क कशी ठेवावी?

उत्तर : घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल घालून ठेवा. रंग बदलणारे घ्या, म्हणजे ओल धरल्याचे कळते आणि वाळवून परत वापरता येते. पावसातून आणलेली डिस्क लगेच लावू नका, तासभर खोलीत राहू द्या. तीन महिन्यांतून एकदा लावून पाच-दहा फाईली उघडून पाहा, आणि 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय कधीही काढू नका. शाळेच्या या कागदांची दुसरी प्रत कुठेच नसणार. म्हणून या आठवड्यात तेवढ्याच क्षमतेची दुसरी डिस्क घेऊन पूर्ण प्रत काढा, आणि ती शाळेत न ठेवता बेळगावला एखाद्या शिक्षकाच्या किंवा माजी विद्यार्थ्याच्या घरी ठेवा.