पर्यावरण भूगोलात संशोधन आणि अध्यापन करायचं आहे. आधी क्षेत्रकाम शिकावं की उपग्रह प्रतिमा?
आधी क्षेत्रकाम शिका, प्रतिमांचं विश्लेषण त्याच वर्षी जोडीला घ्या. लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमेतला पिक्सेल (प्रतिमेचा सर्वांत लहान चौकोन) जमिनीवर ३० मीटरचा, सेंटिनेल-२ उपग्रहाचा १० मीटरचा. कोरड्या ऋतूत त्यात पडीक शेत आणि वाळलेलं गवताळ रान जवळपास सारखंच दिसतं. म्हणून जमिनीवर न पडताळलेलं प्रतिमेचं वर्गीकरण शोधनिबंधाच्या परीक्षणात अडकतं. भूआच्छादनाच्या (शेत, गवत, जंगल अशा) प्रत्येक प्रकारासाठी जमिनीवर जाऊन निदान ५० बिंदू घ्या, तेही सलग पट्ट्याच्या आत, कडेला नाही: साधं जीपीएस काही मीटर चुकतं आणि बिंदू शेजारच्या पिक्सेलात जातो. (तारीख नक्की लिहा, प्रतिमा आणि भेट यांच्यामध्ये ऋतू बदलला तर मेहनत वाया.) या बिंदूंची नोंदवही पुढे वर्गात शिकवताना फार कामी येते. मात्र विषय काही दशकांपूर्वीच्या बदलांचा असेल, तर पडताळणी जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रांवरच करावी लागते.