वाचकांचे प्रश्न : इटालियन पद्धतीची थंड कॉफी

प्रश्न : मुलाने मोका पॉट (शेगडीवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी करण्याचे इटालियन भांडे) आणून दिला आहे. त्यात गरम कॉफी छान होते. परंतु पेल्यात बर्फ घालून त्यावर ओतली की ती पाणचट लागते, साखर तळाशी बसते आणि वर फेस काही येत नाही. दुधाची कोल्ड कॉफी आम्हांला नको आहे. इटलीत करतात तशी थंड कॉफी घरी कशी करावी?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्याला हवी आहे ती कॉफी इटलीत ‘काफे शेकेरातो’ या नावाने ओळखली जाते. ताजी एस्प्रेसो (यंत्राच्या दाबाने काढलेली थोडीशी, दाट कॉफी), साखर आणि भरपूर बर्फ झाकणाच्या भांड्यात घालून जोरात हलवायचे आणि बर्फ मागे ठेवून कॉफी पेल्यात ओतायची, एवढीच तिची कृती आहे.

पाणचटपणाचा हिशेब आधी पाहू. १ ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ८० कॅलरी उष्णता शोषतो. म्हणजे ८० अंश सेल्सिअसची ६० ग्रॅम कॉफी शून्य अंशापर्यंत आणायची, तर जवळजवळ तेवढाच, ६० ग्रॅम बर्फ वितळतो आणि कॉफीचे आकारमान दुप्पट होते. तीच कॉफी ३५ अंशांपर्यंत निववून घेतली, तर २५ ग्रॅमच्या आसपासच बर्फ लागतो. इटलीत एस्प्रेसो मुळातच अतिशय दाट असल्याने ती गरमागरम बर्फावर ओतली तरी चालते. आपला मोका पॉट, जो १९३३ मध्ये आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून पुढे आला, जेमतेम १ ते २ बार दाबावर चालतो. एस्प्रेसोच्या यंत्रात तो ९ बारच्या आसपास असतो. त्यामुळे मोकाची कॉफी कडक असली तरी एस्प्रेसोइतकी दाट नसते आणि तिला निववून घेणे भाग आहे. मे महिन्यात परभणीच्या स्वयंपाकघरात ती आपोआप निवेल ही आशा सोडावी. दूध निववतो तसे कॉफीचे भांडे परातीत माठातले पाणी घेऊन त्यात ठेवावे. साखर मात्र त्याआधी, कॉफी वाफाळती असतानाच ढवळून पूर्ण विरघळवावी, कारण थंड कॉफीत ती नीट विरघळत नाही.

तीन कपांच्या पॉटला १५ ग्रॅमच्या आसपास कॉफी लागते आणि तेवढ्यात दोघांची सोय होते. खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंतच, आधीच तापवलेले पाणी घ्यावे. बारीक मिठाइतकी दळलेली कॉफी चाळणीत सपाट भरावी, दाबू नये. आच मंद ठेवावी, आणि वर फुरफुर आवाज सुरू होताच पॉट उतरवावा. त्यानंतर वाफेबरोबर जे वर येते तेच कडवटपणा आणते. बोअरचे जड पाणी वापरू नये. त्याने चव सपाट होते आणि पॉटच्या आत क्षार बसतात.

फेस न येण्याचे कारण आपल्या प्रश्नातच आहे. फेस म्हणजे कॉफीत कोंडलेली हवा. पेल्यात नुसती ओतल्याने ती पुरेशी कोंडली जात नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा किंवा बाटली घ्यावी, ती अर्धी बर्फाने भरावी, वर कॉफी ओतावी आणि निदान एक तृतीयांश जागा हवेसाठी मोकळी सोडावी. मग झाकणावर हात दाबून धरून, डबा हाताला सोसवेनासा गार होईपर्यंत, म्हणजे १५ ते २० सेकंद, जीव तोडून हलवावा. काचेची बरणी वापरण्याचा मोह टाळावा. कॉफी नीट निवलेली नसेल, तर ती आणि बर्फ एकत्र आले की काच तडकू शकते. ओतताना झाकण किंचित सरकवून बर्फ अडवावा. चहाच्या गाळणीतून ओतल्यास निम्मा फेस गाळणीतच राहतो. पेला लहान घ्यावा आणि लगेच प्यावे, कारण फेस काही मिनिटांत बसतो. पाहुणे “एवढीशीच?” म्हणतील, तेव्हा दुसऱ्यांदा करून द्यावी, दूध ओतून पेला भरू नये.

कॉफी घेताना पाकिटावरील चिकोरीचे (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळांच्या पुडीचे) प्रमाण अवश्य पाहावे. चिकोरीने रंग येतो, कडूपणाही येतो, परंतु कॉफीचा सुगंध येत नाही, आणि थंड पेयात ही उणीव अधिकच जाणवते. थोडी रोबस्टा (कॉफीची एक कडक जात) मिसळलेली, निव्वळ कॉफीची पूड फेसासाठी चांगली. इटलीतील अनेक मिश्रणांत रोबस्टा असते आणि त्यासाठी आपल्या कर्नाटक-केरळातील कॉफीही तिकडे मोठ्या प्रमाणावर जाते.

प्रश्न : इटलीत बदामाचे दूध घालूनही थंड कॉफी करतात असे ऐकले. बाजारातले बदाम दूध त्यात चालेल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ही दक्षिण इटलीतील लेच्चे शहराकडची रीत आहे. तिथे बर्फाच्या खड्यांवर एस्प्रेसो ओततात आणि साखरेऐवजी गोड, दाट बदामाचे दूध घालतात. आपल्याकडच्या बाटलीतल्या दुधात बहुधा वेलची-केशर असते आणि वेलचीपुढे कॉफीला तोंड उघडता येत नाही. त्यापेक्षा १५-२० बदाम रात्री भिजत घालावेत, सोलून साखर आणि अगदी थोड्या पाण्याबरोबर वाटावेत आणि फडक्यातून पिळून घ्यावेत.

प्रश्न : दुपारी वीज नसते, फ्रीजमध्ये बर्फ टिकत नाही. बाहेरून आणलेला चालेल का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : लादीचा बर्फ आणू नये. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याची सक्ती आपल्या राज्यात २०१८ पासून आहे. परंतु बर्फ निळा नाही म्हणून तो पिण्याच्या पाण्याचाच असेल, असे समजू नये. रात्री वीज असताना उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ लावावा आणि सकाळी तो रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये काढून ठेवावा. खडे मोठे असावेत. लहान खडे लवकर वितळतात.